जागेवरून हलायचं नाही

तुमच्याकडे ही गोष्ट आता विनोद म्हणून सांगतात असं कळलं. "आजीने मला भाजीच्या टेम्पोतून पाठवलं होतं," असं धाकटा शाळेत सांगून आला आणि वर्गभर हशा झाला म्हणे. हसायला माझी हरकत नाही. पण त्या सकाळी काय झालं ते जसं झालं तसं कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून मी हे लिहिते आहे. तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. नावं कुणाचीच घालत नाही. कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. थोरली म्हणजे तू, तेव्हा सात वर्षांची. धाकटा म्हणजे तू, तेव्हा पाच वर्षांचा. आई म्हणजे तुमची आई, माझी मुलगी.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील लष्करी कारखान्यात कामगार होते. आमच्या घरात बुद्धवंदना आली आणि इंग्रजी आली, ती एकाच पिढीत. वडिलांनी मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळी माझ्या गणवेशाची घडी, बुटांचं पॉलिश, नखं, वह्यांची कव्हरं ते स्वतः तपासायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही." ती जागा मी आयुष्यभर ठेवली नाही. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि माझ्या टेबलावरून एक कागद कधी हरवला नाही.

माणूस हरवेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या डिसेंबरात तुम्ही तिघं परदेशातून तीन आठवड्यांसाठी पुण्याला, बिबवेवाडीत माझ्याकडे आलात. माझ्या मनात एकच गोष्ट होती. तुमच्याकडच्या पुढच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे जुलैचा सगळा महिना, तुम्ही दोघांनी आईबाबांशिवाय माझ्याकडे राहायला यावं. तुमचे आजोबा गेल्यापासून ह्या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही, आणि मीही फारसा करत नाही. मी आईला विचारलं. ती भांडी पुसत होती. ती वळली नाही.

"बघू," ती म्हणाली. "आधी एक सकाळ एकटीने सांभाळून दाखव."

एका मुलीला वाढवून, शिकवून, परदेशी पाठवलेल्या बाईला तिची तीच मुलगी म्हणते, सांभाळून दाखव! पण मी वाद घातला नाही. परीक्षा आहे ना, मग परीक्षा. गुरुवारी सकाळी आईला दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला जायचं होतं. तीच सकाळ ठरली. तुम्हाला मंडई दाखवायची, भाजी घ्यायची, बारा वाजता घरी. परीक्षेत पास झाले तर जुलै माझा.

बुधवारी संध्याकाळी मी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं. त्यावर तीन नियम लिहिले, वर इंग्रजीत, खाली मराठीत.

पहिला: हरवलात तर जिथे असाल तिथेच थांबायचं. जागेवरून हलायचं नाही.

दुसरा: अनोळखी माणसाला नावगाव सांगायचं नाही, त्याच्याकडून काही खायचं-प्यायचं नाही, त्याच्याबरोबर जायचं नाही.

तिसरा: न्यायला येणाऱ्याला पासवर्ड विचारायचा.

पासवर्डाची कल्पना मी एका इंग्रजी वर्तमानपत्रात वाचली होती. थोरलीने "मुरंबा" हा शब्द निवडला, कारण दुपारी तिने तो पहिल्यांदाच खाल्ला होता. मग आपण सराव केला. धाकट्याला सोफ्यावर बसवलं, मी दाराआडून आले आणि म्हटलं, "चल बाळा." तो लगेच उठला.

"नापास," मी म्हटलं.

"पण आजी, यू आर आजी!"

"मी असले तरी. आधी पासवर्ड विचारायचा. नियम म्हणजे नियम."

चौथ्या खेपेला त्याला जमलं. तो सोफ्याला चिकटून बसला, माझ्याकडे परक्यासारखं बघून "पासवर्ड?" म्हणाला, आणि मी त्याला चांदणीचं स्टिकर दिलं. पहिल्या नियमाबद्दल मात्र मला सराव लागणार नाही अशी खात्री होती. तो तुमच्या आईवर सिद्ध झालेला होता. ती गोष्टही मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितली. आई सहा वर्षांची असताना एकदा पाळणाघर बंद होतं, म्हणून मी तिला ऑफिसात नेलं. अचानक साहेबांनी बैठक बोलावली. मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही." बैठक तीन तास चालली. मी बाहेर आले तर ती तिथेच, हात मांडीवर, पाय जुळवून. साहेब म्हणाले, "काय वळण लावलंय तुम्ही!" ही गोष्ट मी तिच्या लग्नातही सांगितली होती.

आई आतल्या खोलीत इस्त्री करत होती. तिने ऐकलं असणार.

गुरुवारी सकाळी नऊला रिक्षावाले चाचा खाली आले. हे माझ्याच वयाचे, पाच पिढ्या पुण्यात. मला कुठेही जायचं असलं की मी त्यांनाच फोन करते. रिक्षात मी तुमच्याकडून तिन्ही नियम म्हणवून घेतले. चाचा आरशातून बघत म्हणाले, "ताई, मंडईत चाललोय ना आपण? मला वाटलं सीमेवर."

मंडईची एक बाजू मेट्रोच्या स्टेशनाने आता ओळखू येत नाही, पण माझी भाजीवाली आहे तिथेच आहे. रस्त्याच्या कडेला, पालेभाजीच्या ढिगामागे. वीस वर्षांची ओळख. मेथी निवडून घेऊ देत नाही, पण शिळी कधी देत नाही. थोरलीने सुरणाचा गड्डा बघून विचारलं, "आजी, हा दगड खातात?" भाजीवाली म्हणाली, "खातात, पण आधी तुझ्या आजीसारखा भाव करावा लागतो. तेवढ्यात नरम पडतो."

तिच्या गाळ्याला लागूनच एक छोटा टेम्पो उभा होता. लोणी काळभोरचा एक शेतकरी रोज सकाळी तिला मेथी, शेपू आणून देतो आणि रिकामे क्रेट परत नेतो, त्याचा. मागचा फाळका खाली सोडलेला, त्यावर तिनेच कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या. मला तो टेम्पो वाटलाच नाही. तिच्या गाळ्याचाच एक ओटा वाटला. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. चाकं होती. मला दिसली असणार. पण मी ती बघितली नाहीत.

धाकट्याचा पाय पिचलेल्या टोमॅटोवर पडला आणि सँडल भरली. मी त्याला उचलून त्या फाळक्यावर बसवलं, सँडल पुसायला घेतली. तेवढ्यात थोरली माझा पदर ओढायला लागली. चेहरा लाल.

"आजी, मला वॉशरूमला जायचंय."

"आत्ता?"

"कधीपासून. पण तू म्हणालीस, मी भाव करत असताना मध्ये बोलायचं नाही."

मला धक्का बसला तो तिथे पहिला. पण थांबायला वेळ नव्हता. स्वच्छतागृह पलीकडच्या कोपऱ्यावर, आणि एका पायात सँडल नसलेल्या मुलाला त्या ओल्या फरशीवर न्यायचं म्हणजे काय ते तुम्हाला आता माहीत आहे. भाजीवाली म्हणाली, "जा हो तुम्ही, मी आहे ना." मी धाकट्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. आतले रिकामे क्रेट मोजून ठेव, मला आल्यावर सांग." त्याला काम दिलं की तो रमतो. हीसुद्धा माझीच हुशारी.

आम्ही परत आलो तेव्हा फाळका नव्हता, कोथिंबीर जमिनीवर गोणपाटावर होती, आणि टेम्पोच्या जागी एक स्कूटर उभी होती.

"धाकटा कुठाय?" मी विचारलं.

भाजीवालीने मान वर केली. "तुमच्याबरोबर गेला ना? मी बघितलं तर नव्हता फाळक्यावर. म्हटलं नेला तुम्ही."

तो फाळक्यावर नव्हता, कारण तो आत क्रेट मोजत होता. क्रेटांच्या उतरंडीमागे. शेतकरी चहा पिऊन आला, कोथिंबीर उतरवली, फाळका वर केला, कड्या लावल्या आणि निघून गेला. हे सगळं मला त्या क्षणी कळलं असं नाही. त्या क्षणी मला फक्त हातातली एक लहान सँडल दिसत होती. ती अजून ओली होती.

माझ्या तोंडून आवाज आला नाही. मी लिहिते आहे ते शब्दशः खरं आहे. सगळी मंडई ओरडत होती, दहाला दोन, वीसला तीन, आणि मी, जिचा नातू हरवला होता, ती तोंड उघडून नुसती उभी होते. ओरडली ती थोरली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरून धाकट्याच्या नावाने अशी हाक मारली की आजूबाजूचे चार गाळे गप्प झाले.

मग सगळं हललं. भाजीवालीने फोन काढला आणि शेतकऱ्याला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "गाडी चालवताना उचलत नाही मेला," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "फार नियमाचा माणूस आहे हो." तिच्या नवऱ्याला तिने पोलीस चौकीकडे पळवलं. थोरली आणि मी बाहेर थांबलेल्या चाचांच्या रिक्षात बसलो. सोलापूर रस्त्याने तो जाणार हे नक्की होतं. तेवढं एकच नक्की होतं.

स्वारगेट गेलं, पुलगेट गेलं. मी प्रत्येक टेम्पोत बघत होते. थोरली माझा हात धरून होती, आणि तिने मला विचारलं, "आजी, तो रडत असेल का?" मला उत्तर माहीत होतं. तो रडत नसणार. ओरडत नसणार. सगळा दिवस गेला तरी तो तिथेच बसणार होता, कारण मी तसं सांगितलं होतं. ह्याच्याइतकी भीतिदायक गोष्ट मला त्याआधी कधी सुचली नव्हती.

फातिमानगरच्या पुढे फोन वाजला. भाजीवाली. "सापडला! हडपसरला डिझेल भरायला थांबला तेव्हा फोन बघितले त्याने. मागे बघतो तर पोरगं. पण ताई, लवकर जा. लोक जमलेत. म्हणतात, पोर पळवून नेत होता."

आम्ही पोचलो तेव्हा पेट्रोल पंपाच्या बाहेर चाळीस-पन्नास माणसांचं कडं होतं. मध्ये तो टेम्पो. फाळका खाली. आणि फाळक्याच्या आत, एका उलट्या क्रेटवर धाकटा बसला होता. हात मांडीवर, पाय जुळवून, एका पायात सँडल. खाली एका पन्नाशीच्या माणसाची कॉलर दोन तरुणांनी धरलेली होती. त्याच्या शर्टाची वरची बटणं तुटलेली. तिसरा मोबाइल धरून म्हणत होता, "भाऊ, तोंड इकडे कर त्याचं."

"आवं, मी सांगतोय की," तो माणूस म्हणत होता. "माझ्या गाडीत कुनी बसवलं मला ठाव न्हाई. त्याला इचारा की!"

"विचारलं ना. पोरगं तोंड उघडत नाही. घाबरवलंय तू त्याला. नाव सांगत नाही, पाणी घेत नाही, खाली यायला तयार नाही."

मी तिथे उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की तो तरुण नकळत माझं कार्डच वाचून दाखवतो आहे. दुसरा नियम, ओळीने.

"सोडा त्यांना," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की कुणी वळलं नाही. चाचांनी खणखणीत आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा कडं फुटलं.

"आजी, तुम्ही कोण?" कॉलर धरून उभा असलेला एक तरुण म्हणाला.

"मी ह्या मुलाची आजी. मीच त्याला टेम्पोत बसवलं. ह्यांची काही चूक नाही."

"कशावरून?" त्याने धाकट्याकडे बघितलं. "बाळा, ही तुझी आजी आहे का?"

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं नाही. अनोळखी माणूस होता तो. त्याने माझ्याकडे बघितलं. पाठ ताठ होती.

"पासवर्ड?" तो म्हणाला.

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. आणि मला तो शब्द आठवेना. तीस वर्षांपूर्वीच्या परिपत्रकांचे क्रमांक मला पाठ आहेत. माझ्या शाळेतल्या हजेरीपटाचा क्रम मी आजही म्हणून दाखवीन. पण त्या जागी एक पांढरा कोरा कागद होता. मी म्हटलं, "अरे बाळा, मी आहे, आजी." तो रडायला लागला, पण हलला नाही. रडत रडत पुन्हा म्हणाला, "पासवर्ड, आजी!"

"बघा!" कुणीतरी मागून म्हणालं. "ही पण त्यातलीच."

मी त्या गर्दीत शिरताना थोरलीला चाचांच्या हाती सोडलं होतं. ती त्यांचा हात सोडून माणसांच्या पायांमधून आत घुसली आणि गळा फाडून ओरडली, "मुरंबा!"

तो उडी मारून थेट तिच्या अंगावर पडला. माझ्या नाही. मग मला म्हणाला, "आजी, आय डिडन्ट मूव्ह. टेम्पो मूव्ह झाला. चौदा क्रेट आहेत."

लोक हसले. कॉलर सुटली. मोबाइल खिशात गेला. अर्ध्या मिनिटात ते कडं असं विरघळलं की जणू तिथे कुणी नव्हतंच. एकानेही त्या माणसाची माफी मागितली नाही. मीही लगेच मागितली नाही. आधी मी धाकट्याचे हातपाय, डोकं, गुडघे तपासले. हे लिहायला लाज वाटते, पण क्रम तोच होता.

शेतकरी कठड्यावर बसला होता. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते. मी त्याच्यासमोर हात जोडले.

"पोरगं लई शिस्तीचं हाय तुमचं," तो म्हणाला. "केळं दिलं, घेईना. पानी दिलं, घेईना. म्या म्हनलं मुकं हाय का काय." मग तो माझ्याकडे वळला. "पर बाई, येवढी शिस्त नगा लावू. आज मी मेलो असतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्या वडिलांचं वाक्य मला आठवलं. माझ्याकडे बोट दाखवायला मी कुणाला जागा ठेवली नव्हती. आज माझ्या कार्डामुळे पन्नास बोटं एका निरपराध माणसाकडे वळली होती. पुढच्या आठवड्यात मी नवा शर्ट घेऊन त्याच्या घरी लोणी काळभोरला गेले. त्याने तो घेतला, पण घडी मोडली नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईने मला चहा दिला आणि विचारलं, "पोराला जेवायला तरी घातलं का न्हाई त्या दिशी?" तिच्या मुलाचं काय झालं असतं ह्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

पण त्या गुरुवारी आम्ही परत रिक्षात बसलो, तेव्हा वाजले होते साडेअकरा. म्हणजे बारा वाजता घरी पोचणं अजून जवळपास शक्य होतं. भाजीची पिशवीसुद्धा रिक्षातच होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते थोरलीने माझ्याआधी बोलून दाखवलं.

"आजी, आईला सांगितलं तर आपला जुलै कॅन्सल होईल ना?"

मी भाजीची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "हा पण नाही सांगणार. ए, नाही ना सांगणार?"

"नो," धाकटा म्हणाला. तो चाचांनी दिलेलं बिस्कीट खात होता. आधी त्याने माझ्याकडे बघून परवानगी घेतली होती.

बत्तीस वर्षांत मी एकही नोंद गाळली नव्हती. त्या दिवशी बिबवेवाडीच्या चढापर्यंत मी ती गाळायची ठरवली होती. तेही लिहून ठेवते. चाचांनी रिक्षा थांबवली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू. पण ह्या लेकराला आज नियम पाळायची शिक्षा झाली. आता खोटं पाळायचा नियम नका लावू."

आई आधीच आली होती. अर्धा चेहरा सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, तासभर बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. तिने धाकट्याच्या एका अनवाणी पायाकडे, मग माझ्या हातातल्या सँडलकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मंडईपासून हडपसरपर्यंत. काही गाळलं नाही, पासवर्ड विसरले तेही. शेवटी मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं, पुरावा म्हणून ठेवतात तसं.

ती आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती. ती बोलू शकत नव्हती. तिने कार्ड वाचलं. पहिल्या नियमावर तिचं बोट थांबलं, आणि चेहऱ्याचा जो अर्धा भाग हलत होता तो पांढरा पडला. तिने पेन मागितलं, कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"मला पहिल्या तासातच शू लागली होती."

मला कळेना. मी म्हटलं, "कधी? डॉक्टरकडे?"

तिने लिहिलं, "तुझ्या ऑफिसात. बाकावर. तू हलू नको म्हणाली होतीस. तिसऱ्या तासाला तिथेच झाली. मी फ्रॉक दाबून बसले. शिपाईमामांनी पाणी सांडलंय म्हणून फरशी पुसून घेतली. त्यांनी तुला सांगितलं नाही."

मी बसले. फ्रॉक ओला होता. मला आठवलं. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती आणि माझी साडी ओली झाली होती. मला वाटलं होतं तिची पाण्याची बाटली गळते आहे. मी दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणली होती. पस्तीस वर्षांपूर्वीची ती निळी बाटली मला आठवत होती, तिचं झाकण आठवत होतं, आणि ही एक गोष्ट मला माहीत नव्हती. मी ती गोष्ट तिच्या लग्नात दोनशे माणसांपुढे सांगितली होती, आणि ती नवरीच्या साडीत मान खाली घालून हसली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं, "तू इतकी खूश होतीस."

थोरली आईच्या कोपराशी उभी राहून अक्षरं जुळवत वाचत होती. तिने माझ्याकडे बघितलं, त्या सकाळी मंडईत बघितलं होतं तसंच, लाल चेहऱ्याने. मला कुठे बघावं कळेना. मी भाजीच्या पिशवीतून मेथी काढली आणि निवडायला घेतली, आणि दोन काड्यांनंतर ठेवून दिली.

"सॉरी," मी म्हटलं. तुमच्या आईला मी हा शब्द त्याआधी कधी म्हटला होता का, हे मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावा, कारण तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मग तिने कार्ड पुन्हा सुलटं केलं, पहिल्या नियमावर रेघ मारली, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "ओरडायचं."

"आणि जुलै?" थोरलीने विचारलं. मला विचारायचं धाडस नव्हतं.

आईने तोंडातला बोळा काढला. अर्ध्या तोंडाने ती काहीतरी म्हणाली; पहिल्यांदा आपल्या तिघांनाही कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करत.

"आधी. आजीला. ओरडून. दाखवू दे."

तुम्हाला ते आठवत असेल. बाल्कनीत तुम्ही मला मध्ये उभं केलंत. मी म्हटलं, "अहो, इकडे लक्ष द्या." धाकटा म्हणाला, "नापास." दुसऱ्यांदा मी थोडा आवाज चढवला. "नापास, आजी." मंडईत ओली सँडल हातात घेऊन उभी होते ते मला आठवलं, आणि तो बाक आठवला, आणि त्यावरचे ते जुळवलेले दोन पाय. तिसऱ्यांदा माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. समोरच्या इमारतीतली कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ हातात पेपर घेऊन बाहेर आले आणि वर बघून म्हणाले, "काय हो, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज ऐकला तुमचा. सगळं ठीक आहे ना?"

"नाही," मी कठड्यावरून वाकून ओरडले. "ठीक नाही. म्हणून तर ओरडते आहे!"

माझ्यामागे तुमची आई हसत होती, की रडत होती. अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येईना. कार्ड आता माझ्या फ्रिजवर आहे. रेघ मारलेल्या नियमाच्या बाजूला, वाकड्या अक्षरात, तिने त्याच दुपारी लिहिलं: जुलै.